दीर्घ भविष्याचे दोन ग्रंथ

हवामानबदलाचा हिशेब शतकभरात मिटत नाही, हे डेव्हिड आर्चर यांच्या ‘द लाँग थॉ’ (२००९) या ग्रंथाचे प्रतिपादन आहे. कोळसा जाळून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग समुद्र शोषून घेतो. उरलेला खडकांच्या मंद झिजेतून नाहीसा होण्यास लाखो वर्षे लागतात. पुढील हिमयुगही त्यामुळे लांबू शकते.

टोबी ऑर्ड ‘द प्रेसिपिस’ (२०२०) मध्ये येत्या १०० वर्षांत हवामानबदलामुळे अस्तित्वघातक आपत्ती ओढवण्याची शक्यता सुमारे १००० त १ मानतात. हा अंदाज होय, मोजमाप नव्हे. शिवाय मानवजातीचे दीर्घकालीन भवितव्य कायमचे हरपेल काय, एवढाच तेथे प्रश्न आहे. उन्हात राबणारा मजूर कसा जगेल, हे त्या अंकात येत नाही. आर्चर यांचा ग्रंथ आकाराने लहान आहे. तो आधी वाचावा.