दोरीच्या आतले कणीस

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, कर्जत, जामखेड अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की नाही, यावर महसुलातील सवलतींचे भवितव्य अवलंबून असते; आणि ही पैसेवारी ज्या पीक कापणी प्रयोगांच्या आधारे ठरते, त्यांच्याइतका मापनदोषांचा बोलका पाठ एखाद्या प्रयोगशाळेतही क्वचितच मिळेल.

पूर्वी आणेवारीचा भरवसा बहुतांशी नजरअंदाजावर असे. नजर कितीही मुरलेली असली तरी तिची ओढ नेहमीच्या पिकाकडे असल्याने भरघोस सालात ती हात आखडते आणि नापिकीत उदार होते. म्हणून शेत आणि शेतातील जागा यदृच्छेने निवडून, दोरी-खुंट्यांनी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आखून, त्यातील पीक कापून, मळून तोलावे अशी रीत रूढ झाली. तिला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे अग्रभागी होते.

हा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. सबब काट्यावरची १०० ग्रॅमची चूक हेक्टरी उताऱ्यात २० किलो होऊन उतरते. ती कधी जास्त, कधी कमी अशी स्वैर असेल, तर शंभर स्वतंत्र प्रयोगांच्या सरासरीत तिचा एक दशांशच उरतो. एकतर्फी चुकीची गोष्ट वेगळी. कडेचे टपोरे कणीस सोडवत नाही म्हणून आखणाऱ्याचा हात चारी बाजूंना ५ सेंटिमीटर बाहेर सरकला, तर या तुकड्याचे क्षेत्र ३ टक्क्यांनी वाढते. एक मीटर बाजूच्या चौरसात मात्र तोच हात २१ टक्क्यांची भर घालतो, आणि हजार चौरस कापले तरी सरासरी तितकीच फुगलेली राहते.

लहान तुकडे उत्पन्न फुगवतात, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मधून मांडले. त्यावरून लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. आणि महालनोबिस काही कच्चे गणिती नव्हते. परंतु असा दोष एकाच मापाच्या पुनरावृत्तीतून उघडकीस येत नाही. त्यासाठी त्याच शेतात निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून उतारे ताडून पाहावे लागतात.

वजनाचेही तसेच. ओले धान्य जड भरते, आणि ते सर्वत्र जडच भरते. म्हणून त्यातील नमुना वाळवून पुन्हा तोलतात व घटीच्या प्रमाणात उतारा दुरुस्त करतात.