एकाच नंदीचे चार फोटो

तान्हा पोळा सरला की वर्ध्याला खेटून असलेल्या बोरगाव मेघेतल्या घराघरांत फोन भरलेले असतात. लाकडी नंदी, त्याच्या गळ्यात घुंगरं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघालेलं पोर. आईनं काढलेला मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतो. तो व्हॉट्सॲपवर पाठवला की अँड्रॉइड फोनच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये दुसरी प्रत बसते. गॅलरीत ती दिसत नाही, जागा मात्र खाते. आत्या त्यावर शुभेच्छा लिहून परत धाडते. मामा स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. झाले चार!

इथून जवळच्या सेवाग्रामात कनू गांधी बापूंचे फोटो काढत. रोलीफ्लेक्स कॅमेरा, एका रोलमध्ये 12 फोटो. तिथे डुप्लिकेटची चैन परवडणारी नव्हती.

डोळ्यांना नंदीचे हे चारही फोटो एकच वाटतात, संगणकाला नाही. दोन फायली हुबेहूब एक आहेत का, हे तो ‘हॅश’वरून, म्हणजे फाइलच्या ठशावरून ठरवतो. एसएचए-256 ही पद्धत कुठल्याही फाइलचा 64 अक्षरांचा ठसा काढते आणि एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. व्हॉट्सॲप तर अख्खा फोटोच दाबून लहान करतं. म्हणून दुसरी युक्ती: फोटो कृष्णधवल करून 8 गुणिले 8, म्हणजे 64 चौकोनांइतका बारका करायचा आणि प्रत्येक चौकोन सरासरीपेक्षा उजळ की काळपट, एवढंच टिपायचं. 64 पैकी दोन-चारच उत्तरं वेगळी निघाली, तर चित्र बहुधा तेच. तपशील फेकून दिल्यावर सारखेपणा सापडतो, हे गमतीचंच. पण पोराचे डोळे मिटलेला फोटो आणि उघडे असलेला फोटोही या चाळणीला एकच वाटू शकतात.

अशा प्रती शोधायची गरज जागेमुळे पडते. 1 जून 2021 पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता जीमेल धरून 15 जीबी. प्रती हुडकायला आयफोनमध्ये 2022 च्या आयओएस 16 पासून ‘डुप्लिकेट्स’ हा वेगळा अल्बमच आहे.

ठेवायचा कोणता? सहसा मोठ्या आकाराचा. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ दिसलं, तर ती व्हॉट्सॲपची प्रत. फोटो कधी आणि कुठे काढला, ही नोंद तिच्यातून गळालेली असते. तरी अशा सगळ्या प्रती डोळे झाकून उडवू नयेत. आईचा जुना फोन विहिरीत पडला असेल, तर आत्याच्या शुभेच्छांखालचा नंदी हाच काय तो उरलेला.