दुचाकी उचलायची आणि धरून ठेवायची

जयसिंगपूर ज्या शिरोळ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम होतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर या भागाने पाहिले आहेत. पुरात बुडालेल्या मोटारसायकलची चाके काढून बेअरिंग धुवावी लागतात, ब्रेक उघडून गाळ काढावा लागतो. एरवीही उसाच्या फडाकडे जाणाऱ्या गाडीच्या चेनला काळा चिखल चिकटतोच. ही कामे घरच्या अंगणात करायची, तर गाडीचे चाक जमिनीपासून सुटे व्हायला हवे. मग प्रश्न येतो, की त्यासाठी कोणते साधन घ्यावे?

दुकानात पहिली माहिती मिळते ती ‘हा जॅक किती किलो उचलतो’ याची. वास्तविक हा प्रश्न दुय्यम आहे. स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन सुमारे ११२ किलो आणि ३५० सीसी बुलेटचे सुमारे १९५ किलो. ११२ किलोची गाडी १० सें.मी. उचलायला लागणारे कार्य सुमारे ११० ज्यूल होते. ५५ किलो वजनाच्या माणसाला २० सें.मी.ची एक पायरी चढायला जवळजवळ एवढेच कार्य करावे लागते. म्हणजे उचलणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते उचललेली गाडी, आपण तिच्याशी झटापट करीत असताना, धरून ठेवणे. साधनाची निवड याच कसोटीवर करायला हवी.

गाडीबरोबर मिळालेली तरफ

बहुतेक साध्या गाड्यांना मधला स्टँड असतो. आपण त्याला ‘डबल स्टँड’ म्हणतो. ही एक उत्तम तरफ आहे. आपण पायाने खुंटी दाबतो तेव्हा स्टँडचे जमिनीला टेकलेले पाय टेकूचे काम करतात आणि गाडी मागे सरकत वर चढते. तिचा बिजागरीचा बिंदू स्टँडच्या पायांच्या बरोबर वर येतो, तेथून किंचित मागे जातो आणि थोडासा खाली येऊन थांबतो. स्टँडवरून उतरायचे तर गाडीला पुन्हा त्या सर्वोच्च बिंदूवरून जावे लागते. म्हणून वेगळे कुलूप नसतानाही ती जागच्या जागी राहते. येथे गुरुत्वाकर्षणच कुलपाचे काम करते.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. स्टँडवरची गाडी पुढच्या दिशेने ढकलली तरच उतरते. म्हणून घट्ट नट सोडवताना पाना अशा बाजूने लावावा, की जोर गाडीच्या मागच्या दिशेने किंवा खाली लागेल. अंगणाला उतार असेल तर गाडीचे तोंड चढाकडे करावे. पुढच्या ब्रेकची दांडी जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवावी. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली फळी घालावी. स्टँडच्या पायांचे क्षेत्रफळ लहान, म्हणून दाब मोठा. फळीमुळे तोच भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो.

गुरुत्वमध्य शोधू या

विद्यार्थ्यांना करता येईल असा एक प्रयोग येथे सुचवावासा वाटतो. माणसे ज्यावर वजन करतात तसा एक काटा घ्या. गाडीचे पुढचे चाक काट्यावर आणि मागचे चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा. एका मोठ्या माणसाने गाडी उभी सरळ तोलून धरावी. नोंद घेतल्यावर चाकांची अदलाबदल करा. समजा पुढे ५० किलो आणि मागे ६२ किलो भरले आणि दोन चाकांच्या अक्षांमधले अंतर १२४ सें.मी. आहे. तर गुरुत्वमध्य मागच्या अक्षापासून ५० × १२४ ÷ ११२, म्हणजे सुमारे ५५ सें.मी. पुढे आहे.

आता समजा मधला स्टँड मागच्या अक्षापासून ४८ सें.मी.वर आहे. म्हणजे गुरुत्वमध्य स्टँडच्या ७ सें.मी. पुढे पडतो, आणि म्हणूनच पुढचे चाक जमिनीवर टेकून राहते. स्टँडमागे ३० सें.मी.वर सीट दाबून हे चाक उचलायचे तर ११२ × ७ ÷ ३०, म्हणजे सुमारे २६ किलोचा भार लागेल. परंतु पुढचे चाकच काढले तर? चाक ९ किलोचे आणि स्टँडपासून ७६ सें.मी. पुढे असेल, तर ७८४ मधून ६८४ वजा होतात. उरतात फक्त १००. आता सीटवर सुमारे साडेतीन किलोचा भार पडला तरी गाडी मागे झुकेल. पान्यांची पिशवी सीटवर ठेवली, किंवा एखादे मूल रेलले, की झाले! म्हणून पुढचे चाक काढण्यापूर्वी इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि मागच्या चाकाखालीही ठोकळा ठेवायलाच हवा.

कात्री जॅक आणि हायड्रॉलिक जॅक

चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या काही गाड्यांना मधला स्टँड नसतो. त्यांच्यासाठी बाहेरचे साधन लागते. मागचे चाक उचलण्यापुरते काम असेल तर पॅडॉक स्टँड पुरतो. तोही लांब बलभुजेची तरफच आहे. बलभुजा भारभुजेच्या पाचपट असेल तर चाकावरचा ७० किलोचा भार १४ किलोच्या जोराने उचलता येतो. मात्र हे करताना गाडी सरळ धरायला दुसरा माणूस हवा.

दोन्ही चाके सुटी करायची तर इंजिनखाली जॅक लागतो. कात्री जॅकमध्ये स्क्रू फिरवून भुजा जवळ आणतात. भुजांचा जमिनीशी कोन १० अंश असताना स्क्रूवर भाराच्या साडेपाचपटींहून अधिक ताण येतो. ४५ अंशांना तो भाराएवढाच असतो. म्हणूनच सुरुवातीचे फेरे जड जातात. दोन भुजांचे पुठ्ठ्याचे नमुने टाचणीने जोडून मुलांना हे बोटांनी अनुभवता येईल. या जॅकचा मोठा गुण असा, की हात काढला तरी स्क्रूच्या आट्यांमधले घर्षण त्याला उलटा फिरू देत नाही.

हायड्रॉलिक जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. लहान दट्ट्याचा व्यास १ सें.मी. आणि मोठ्याचा ३ सें.मी. असेल तर बल ९ पट होते. दांड्याने ते आणखी १० पट केले, तर घर्षण सोडून २ किलोच्या जोराने १८० किलो उचलले जातात. उचलायला हा सोपा. परंतु धरून ठेवण्याचे काम येथे रबरी सीलमागचे तेल करते. सील झिजले की तेल झिरपते आणि भार हळूहळू, कधी एकदम, खाली येतो. म्हणून लोखंडी खिळीचे किंवा दात्यांचे कुलूप नसलेला हायड्रॉलिक जॅक गाडीखाली काम करण्यासाठी घेऊ नये.

उंची आणि पाया

समजा जॅकचा पाया ३६ सें.मी. लांबीरुंदीचा आहे आणि गाडी ३५ सें.मी. उचलली आहे. चाकाचा अक्ष मुळात जमिनीपासून ३० सें.मी.वर होता, तो आता ६५ सें.मी.वर आला. या उंचीवर आडवा जोर लावून गाडी उलटवायला ११२ × १८ ÷ ६५, म्हणजे सुमारे ३१ किलो पुरतात. आता ६० न्यूटन-मीटरने आवळलेला नट २० सें.मी. लांबीच्या पान्याने सोडवू लागलो, तर जोर लागतो ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो! गंजलेल्या नटाला याहून जास्त लागेल. म्हणून घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत, शेवटचा आवळा गाडी खाली आल्यावर द्यावा, आणि गाडी गरजेपुरतीच उचलावी. चाक काढायला जमिनीपासून ४-५ सें.मी. सुटका पुरेशी होते.

मग घ्यावे काय?

चेन साफ करणे, मागचे चाक काढणे एवढेच काम असेल आणि गाडीला मधला स्टँड असेल, तर दोन ठोकळे आणि बसायला एक पाट एवढे पुरे. मधला स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड. दोन्ही चाके काढायची असतील तर रुंद पायाचा कात्री जॅक घ्यावा आणि गाडी दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी बांधावी. गॅरेजमध्ये असतो तसा, पुढचे चाक शिकंज्यात धरणारा लिफ्टचा पाट पाठीला आराम देतो. पण त्याला सुमारे दोन मीटर लांबीची सपाट, काँक्रीटची जागा हवी. तो वारंवार काम करणाऱ्यानेच घ्यावा.

दुकानात जाताना सोबत मोजपट्टी असावी. पायाची रुंदी मोजावी, कुलूप कोठे आहे ते विचारावे, आणि विकत घेतल्यावर गाडीखाली हात घालण्यापूर्वी गाडी दोन्ही बाजूंनी हलवून पाहावी. ती हलली, तर आधी खाली उतरवावी.