कॅमेऱ्यानं कधी हलू नये

वारकरी कीर्तनाचं चित्रण ही स्वयंचलित कॅमेऱ्याची मोठी परीक्षा असते. बुवा एका जागी उभे राहत नाहीत. चार पावलं पुढे येतात, मृदंगाकडे वळतात, दृष्टांत सांगताना वाकतात, हात उंचावतात. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बहुतेक सगळे पांढऱ्या पोशाखात आणि सगळे हलते. आता कीर्तनं यूट्यूबवर थेट दाखवली जातात. दर वेळी कॅमेरामन परवडत नाही, म्हणून आडवा वळणारा, वर-खाली झुकणारा आणि झूम करणारा, रिमोटवर चालणारा पीटीझेड कॅमेरा लावला जातो. त्याचं ‘ऑटो ट्रॅकिंग’ नुसतं चालू करून सोडून दिलं, की चित्र सतत डोलत राहतं आणि घरी बघणाऱ्यांना गरगरायला लागतं. डोळ्यांना सगळा मंच सरकताना दिसतो, आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र शरीर स्थिर असल्याचं मेंदूला कळवतो. या विसंगतीतून मळमळ होते.

आत काय घडतं ते पाहू. कॅमेऱ्यातला प्रोसेसर चित्रात माणसाची आकृती शोधतो, ती जिथे हवी त्या जागेपासून किती सरकली हे मोजतो आणि तेवढी मोटर फिरवतो. या शोधायला, मोजायला आणि फिरायला वेळ लागतो. समजा तो सेकंदाचा पाचवा भाग आहे. माणूस साध्या चालीनं सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो, म्हणजे कॅमेऱ्याला कळेपर्यंत बुवा २८ सेंटिमीटर पुढे गेलेले असतात. दहा मीटरवरून ६० अंशांच्या रुंद चौकटीत साडेअकरा मीटरचा मंच मावतो. त्यात हे अंतर जाणवतही नाही. तिथूनच झूम करून चौकट १० अंशांची केली, तर तिच्यात जेमतेम पावणेदोन मीटर मावतात आणि बुवा सव्वा सेकंदात ती ओलांडून जातात. म्हणून फिरत्या वक्त्याचा फक्त चेहरा धरून ट्रॅकिंग लावू नये. कमरेपर्यंतची किंवा पूर्ण शरीराची चौकट निवडावी.

उशीर भरून काढायला वेग वाढवला, तर कॅमेरा ठिकाणाच्या पुढे जातो, परत येतो, पुन्हा पुढे जातो. ही अडचण जहाजांच्या काळापासूनची आहे. निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्यानं १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचं गणित मांडलं. अनुभवी सुकाणूधारी दिशा आत्ता किती चुकली एवढंच पाहत नाही. ती चूक किती वेगानं वाढते किंवा घटते आहे हेही तो लक्षात घेतो आणि दिशा जुळायच्या आधीच सुकाणू सैल करतो. स्वयंचलित यंत्रणांच्या नियंत्रणात आजही हेच तत्त्व वापरतात.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते चौकटीच्या मध्यभागी आखलेलं मोकळं क्षेत्र. बुवा त्याच्या आत आहेत तोवर कॅमेरा स्थिर राहतो. बाहेर पडले की मगच हलतो. काही कॅमेऱ्यांत ही सोय ‘सेन्सिटिव्हिटी’च्या नावाखाली असते. सेन्सिटिव्हिटी सर्वाधिक ठेवायचा मोह होतो, पण कीर्तनासाठी कमीच बरी. मान डोलावणं, हात पसरणं, अर्धं पाऊल पुढे टाकणं हे स्थिर चौकटीतच शोभतं. ही हालचाल बुवांच्या अभिनयाची आहे, ती कॅमेऱ्यानं पुसून टाकू नये. मोकळं क्षेत्र फार मोठं केलं तर मात्र बुवा कडेला अडकून राहतात आणि नजर रिकाम्या मंचाकडे जाते.

दुसरा प्रश्न, कोणाच्या मागे जायचं? बुवा एखाद्या टाळकऱ्यासमोरून गेले की दोन आकृत्या एकमेकींवर येतात आणि यंत्र चुकीच्या माणसाला धरू शकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या फुटबॉल सामन्यात स्वयंचलित कॅमेरा चेंडू सोडून रेषापंचाच्या टकलाकडेच पुन्हा पुन्हा वळत होता. सोय असेल तर बुवांचा चेहरा आधी नोंदवून ठेवावा आणि श्रोत्यांचा भाग ट्रॅकिंगमधून वगळावा. माणूस दिसेनासा झाला तर काय करायचं, हेही ठरवता येतं. लगेच दुसरा शोधण्याऐवजी दोन-तीन सेकंद थांबून रुंद चौकटीवर जाणं मला उत्तम वाटतं.

कीर्तनाआधी एखाद्या कार्यकर्त्याला बुवांच्या जागी चालायला लावा, मागे टाळकरी उभे करा आणि ते चित्रण मोठ्या पडद्यावर पाहून मगच सेटिंग पक्कं करा. रिमोट हाताशी ठेवा. गजर सुरू होऊन सगळा मंच नाचू लागला, की ट्रॅकिंग बंद करून रुंद चौकटीच्या प्रीसेटवर, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या स्थितीवर या.