शिकारी कुत्रा : देशातील आणि परदेशांतील

मनुष्याने जे पशू माणसाळविले त्यांत कुत्रा सर्वांत पहिला होय. गाय, बैल, शेळी, मेंढी ही जनावरे शेतीच्या सोबतीने माणसाच्या दारी आली. कुत्रा मात्र शेतीच्याही पूर्वी, मनुष्य रानोमाळ हिंडून शिकारीवर पोट भरीत होता त्या काळीच त्याच्या शेकोटीपाशी येऊन बसला. जर्मनीत बॉन शहरालगत ओबरकासेल येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांशेजारी कुत्र्याचीही हाडे मिळाली. माणसाबरोबर मातीआड होण्याचा मान इतक्या प्राचीन काळी ज्याला मिळाला, त्याची माणसाला गरज किती असेल याची कल्पना करता येते.

महाराष्ट्रातील पुरावाही लहान नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली काशाच्या काही मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे बैलजोडी जुंपलेला रथ. रथात हाकणारा उभा आहे आणि पुढे दांडीवर एक कुत्रा उभा आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओतकाऱ्याला गाडी, बैल आणि गाडीवान एवढ्याने चित्र पुरे झाले असे वाटले नाही. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याची आपल्याकडे थट्टा होत असली, तरी तो शेतकऱ्याच्या संसारात किती जुना आहे हे यावरून दिसते.

शिकारी कुत्र्याचा दख्खनमधील सर्वांत हृद्य उल्लेख एका शिलालेखात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने इ. स. ९४९ च्या सुमारास तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्या युद्धात गंग राजा बूतुग त्याच्या बाजूने लढला. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा शूर योद्धा होता. राजाने प्रसन्न होऊन त्याला हवे ते मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आला. झुंजीत डुक्कर मेले आणि कुत्राही मेला. मणलेराने त्याच्या स्मरणार्थ देवळासमोर शिळा उभी करून तिच्या पूजेसाठी जमीन दान दिली. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे मिळालेली ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. तिच्यावर कुत्रा व डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यातही राजाच्या विनोदांमध्ये शिकारी कुत्र्यांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

डोळ्याचा आणि नाकाचा

शिकारी कुत्र्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग दृष्टीवर धावणाऱ्यांचा. सावज नजरेस पडताच हा कुत्रा मुकाट्याने सुटतो आणि केवळ वेगाच्या बळावर त्याला गाठतो. अशा कुत्र्याचे डोके लांब व निमुळते, छाती खोल, कंबर आत खेचलेली आणि पाय लांब असतात. पूर्ण वेगात धावताना प्रत्येक झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. इंग्लंडचा ग्रेहाउंड, अरब देशांतील सालुकी आणि आपल्याकडील कारवानी हे या वर्गातील होत. माळरान, वाळवंट अशा उघड्या मुलखातच या कुत्र्याचा उपयोग आहे; झाडीत सावज दृष्टीआड झाले की त्याचे बळ संपते.

दुसरा वर्ग वासावर माग काढणाऱ्यांचा. यांचे कान लांब व लोंबते, अंग भरदार आणि चाल सावकाश पण न थकणारी असते. सावज दिसो वा न दिसो, जमिनीवर राहिलेला त्याचा वास हे कुत्रे तासन् तास धरून ठेवतात आणि माग लागला की आवाज देत चालतात, म्हणजे मागून येणाऱ्या शिकाऱ्याला दिशा कळते. पहाटेच्या दमट जमिनीवर वास टिकतो, उन्हे चढून माती तापली की तो विरतो. म्हणून या कुत्र्यांचे काम सकाळच्या प्रहरी चांगले होते.

याखेरीज बिळात शिरून काम करणारे लहान कुत्रे निराळे. जर्मनीच्या ‘डाक्सहुंड’ या जातीच्या नावातील ‘डाक्स’ म्हणजे बिजू हा प्राणी. त्याच्या अरुंद बिळात शिरता यावे म्हणूनच त्या कुत्र्याचे पाय आखूड आणि अंग लांब ठेवून त्याची पैदास केली गेली. आज शहरांतून मांडीवर खेळविला जाणारा हा कुत्रा मुळात कष्टकरी आहे, हे त्याच्या मालकांना क्वचितच ठाऊक असते.

परदेशांतील रीती

इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या मागे कुत्र्यांचे थवे सोडून घोड्यावरून दौडण्याची शिकार ही दीर्घ काळ जमीनदारवर्गाची प्रतिष्ठा होती. ग्रेहाउंडांच्या जोड्या सशामागे सोडण्याच्या शर्यतीही तितक्याच लोकप्रिय होत्या. त्यांतील प्रसिद्ध ‘वॉटर्लू चषक’ १८३६ साली सुरू झाला. मात्र करमणुकीसाठी प्राण्याला फाडविणे योग्य की अयोग्य, हा वाद तेथे अनेक वर्षे चालला आणि २००४ च्या शिकार कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास, थोडे अपवाद वगळता, बंदी झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये हा कायदा अंमलात आला आणि त्याच महिन्यात वॉटर्लू चषकाची अखेरची शर्यत झाली. स्कॉटलंडने २००२ मध्येच असा कायदा केला होता. २०२३ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला.

जर्मनीत घोडेस्वारांनी कुत्र्यांच्या थव्यानिशी पाठलाग करण्याची रीत १९३४ मध्येच बंद झाली. परंतु तेथे बंदुकीच्या शिकारीत कुत्र्याला मानाचे स्थान आहे. गोळी लागून जखमी झालेले हरीण किंवा डुक्कर झाडीत कोठेतरी तडफडत मरू नये, यासाठी रक्ताच्या मागावरून त्याला शोधणाऱ्या खास जाती तेथे पाळल्या जातात. शिकाऱ्याजवळ परीक्षा उत्तीर्ण झालेला कुत्रा असावा असा तेथील अनेक प्रांतांत दंडक आहे. अशा कुत्र्याची किंमत त्याच्या दातांवरून केली जात नाही. हाक ऐकताच सावज सोडून परत फिरतो की नाही, यावरून ती ठरते.

आपल्या शेतकऱ्याला सर्वांत जवळचे उदाहरण न्यूझीलंडचे वाटेल. कारण तेथेही प्रश्न रानडुकरांचा आहे. तेथे दोन प्रकारचे कुत्रे बरोबर नेतात. एक डुक्कर शोधून, भुंकून त्याला एका जागी अडवितो. दुसरा त्याचा कान धरून ठेवतो, तोवर शिकारी जाऊन पोहोचतो. सुळ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून कुत्र्याच्या छातीला जाड चिलखत घालतात आणि गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण कळविणारा पट्टा बांधतात. हे सर्व वाचून येथेही तसेच का करू नये, असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु डुक्कर हा न्यूझीलंडचा मूळ प्राणीच नव्हे. अठराव्या शतकात कॅप्टन कुक व इतर युरोपीय दर्यावर्दींनी तो तेथे नेऊन सोडला. तेथे तो परका आणि उपद्रवी आहे. आपल्याकडील रानडुक्कर येथलाच असून वाघ व बिबट्या यांचे ते भक्ष्य आहे. जंगलात डुक्कर संपले की बिबट्या गोठ्याकडे वळतो, हे विसरून चालणार नाही.

शिवाय न्यूझीलंडलाही कुत्र्याची किंमत मोजावी लागलेली आहे. तेथील किवी हा पक्षी उडत नाही आणि त्याच्या छातीचा सांगाडा इतका दुबळा असतो की कुत्र्याने तोंडात नुसते धरले तरी तो मरतो. १९८७ साली वैतांगी येथील जंगलात मोकाट सुटलेल्या एकाच कुत्रीने सुमारे ५०० किवी मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून किवींच्या वनांत शिकारी कुत्रा न्यावयाचा असल्यास त्याला किवीपासून दूर राहण्याचे शिक्षण देण्याची अट तेथे घातली जाते.

येथील कायदा आणि येथील पीक

महाराष्ट्रात कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर गावकऱ्यांनी मिळून पारधीला निघण्याची, हाका घालून डुक्कर उठविण्याची चाल होती. मराठवाडा व सोलापूरच्या माळांवर सशामागे कारवानी सोडले जात. या गोष्टींचा आता केवळ इतिहास सांगावयाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. प्राण्याला ठार करणे, विष घालणे, फासे लावणे यांबरोबरच त्याचा पाठलाग करणे आणि त्याला हाकून काढणे यांचाही तीत समावेश होतो. त्या प्रत्येकाचा प्रयत्नसुद्धा शिकारच होय. परवाना घेऊन हौसेखातर शिकार करण्याची जी सवलत प्रथम होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने गेली. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून त्यांच्या शिकारीबद्दल तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. ‘मी बंदूक चालविली नाही, कुत्र्याने धरले’ हे उत्तर न्यायालयात टिकत नाही.

यावर शेतकऱ्याची तक्रार अशी की, एका रात्रीत भुईमूग उकरून जाणाऱ्या डुकराला कायदा वाचता येत नाही. तक्रार खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे बरे नव्हे. याच कायद्याच्या अकराव्या कलमात तिची दखल घेतलेली आहे. अनुसूची दोनमधील प्राणी मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकास धोकादायक झाला असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी कारणे नमूद करून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्‌हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र अशा रीतीने मेलेला प्राणी शासनाची मालमत्ता असतो. त्याचे मांस वाटून घेता येत नाही. पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी नुकसान झाल्याबरोबर अर्ज देऊन पंचनामा करवून घेणे आवश्यक असते. मोडलेले पीक आवरून टाकल्यावर पंचनामा कशाचा करावयाचा? ग्रामसेवकांनी अर्जाचे काही नमुने स्वतःजवळ तयार ठेवले, तर पुष्कळ शेतकऱ्यांचा दावा केवळ उशिरामुळे बुडणार नाही.

मचाणापाशी बांधलेला, चाहूल लागताच भुंकून मालकाला जागे करणारा कुत्रा हा राखणदार आहे; त्याला कोणतीही आडकाठी नाही. त्याला सोडून डुकराच्या अंगावर घालणे ही निराळी गोष्ट आहे. घायाळ झालेला सुळेवाला नर क्षणात कुत्र्याचे पोट फाडतो आणि नंतर माणसावर येतो. झुंज लावणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये वेगळा गुन्हाही आहे. तारेत वीज सोडणे व खाद्यात स्फोटके ठेवणे हे उपाय तर सर्वांत घातक. त्यांत डुकराआधी शेजाऱ्याचे गुरू, स्वतःचा कुत्रा किंवा पाणी द्यावयास गेलेला मनुष्य सापडतो.

मोकाट कुत्र्यांचा उपद्रव दुहेरी आहे. टोळीने हिंडणारी कुत्री हरणांची पाडसे व शेळ्या-मेंढ्यांची करडे-कोकरे मारतात आणि रोगही पसरवितात. आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या वनात १९९४ साली कुत्र्यांच्या ‘डिस्टेंपर’ या रोगाच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. गुजरातमधील गीरच्या सिंहांतही २०१८ मध्ये त्याच रोगाचे विषाणू आढळून काही सिंह मेले. अलर्काचे, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचे, भय तर घरोघर आहे. पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, त्यानंतर पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे पुढील मात्रा आणि मग दरवर्षी एक, हा क्रम चुकवू नये. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, हळद वा मिरची न भरता लगेच दवाखान्यात जावे. हा रोग एकदा उमटला की त्यावर उपाय नाही.

कारवानीचे जतन

शिकार गेली म्हणून शिकारी जात जाऊ द्यावयाची काय, हा प्रश्न उरतो. कारवानी, अंगावर व कानांवर रेशमी केस असलेला त्याचाच प्रकार पश्मी, आणि कर्नाटकातील मुधोळचा मुधोळ हाउंड ही एकाच गोत्राची नावे आहेत. व्यापारी तांड्यांबरोबर मध्य आशियाकडून आलेल्या सालुकी-ताझीसारख्या कुत्र्यांचे हे वंशज मानले जातात. खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंची, २२ ते २८ किलो वजन, अंगावर चरबी नाही आणि स्वभावाने अनोळख्याला दूर ठेवणारा, असा हा कुत्रा आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची पैदास जोपासली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. २००५ साली भारतीय डाकखात्याने ज्या चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. २०१६ पासून मेरठ येथील सैन्याच्या केंद्रात त्याला पहाऱ्याचे शिक्षण देण्याचे प्रयोग सुरू झाले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जात म्हणून त्याची नोंद केली आहे.

लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेले आहे. चांगल्या पिलाला चांगली किंमत येते. आणि घात येथेच होतो. शर्यतीत वेग वाढावा म्हणून कारवानी कुत्रीला विलायती ग्रेहाउंड देण्याची चाल पडली आहे. संकराचे पिलू पहिल्या पिढीत वेगवान निघते, परंतु कातडी नाजूक, उन्हाला कमी सोशीक आणि भाकरीवर न तगणारे निघण्याचा संभव राहतो. दोन-तीन पिढ्यांत मूळ जात शोधूनही सापडत नाही. खिल्लार गाईची पैदास करताना जो शेतकरी वळूचे कूळ विचारतो, त्याने येथेही ते विचारावे. सख्ख्या भावंडांचा संबंध टाळावा. कुत्री पहिल्या माजावर न देता अंग भरल्यावर द्यावी. आणि प्रत्येक वेताची तारीख, नर-मादी व पिले कोणाला दिली याची वही ठेवावी.

पालनाच्या बाबी थोड्याच आहेत. खोल छातीच्या कुत्र्याला पोटभर खाऊ घालून लगेच धाववू नये; पोट फुगून जठर पिळले गेल्यास काही तासांत जनावर हातचे जाते. धाव पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावी आणि धाप शमल्यावर थोडे थोडे पाणी पाजावे. भाकरी-ताकावर कुत्रा जगतो. वाढत्या पिलाला व पाजणाऱ्या कुत्रीला मात्र दूध, अंडे किंवा मांस मिळावयास हवे. बसण्याची जागा कोरडी व उंचावर असावी, गोचीड दिसताच काढाव्या आणि जंताचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून द्यावे. पिलू विकत घेताना त्याची आई समक्ष पाहावी. ती दाखविण्यास विक्रेता टाळाटाळ करीत असेल तर पैसे खिशातच ठेवावेत.