उन्हाळ्यातील छोटे मत्स्यालय : उजेड आणि उष्मा यांचा हिशेब एकच

मे महिन्यात पहाटेच्या वेळी मत्स्यालयातील मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की बहुतेक घरांत प्रथम औषधाची बाटली शोधली जाते. प्रत्यक्षात हे लक्षण अनेकदा रोगाचे नसते. पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याचे असते. जलवनस्पतींनी भरलेल्या लहान मत्स्यालयांत हा धोका अधिक असतो. वनस्पतींसाठी लावलेला प्रखर दिवा आणि खोलीतील उष्मा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानल्या जातात. पाण्याच्या दृष्टीने मात्र त्यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

पाणी कमी, चढउतार जलद

40 सेंटिमीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंचीच्या काचेच्या टाकीत माती व दगड वजा जाता साधारण 20 लिटर पाणी राहते. एवढ्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे 23 वॅट-तास ऊर्जा पुरते. 10 वॅटचा एलईडी दिवा आठ तासांत 80 वॅट-तास वीज वापरतो. ही सारी उष्णता पाण्यातच साठली, तर तापमान जवळजवळ साडेतीन अंशांनी वाढेल. उघड्या टाकीवर, उंचावर टांगलेल्या दिव्याची बरीचशी उष्णता हवेत निघून जाते. दिवा बंद झाकणाच्या आत असेल, तर ती तेथेच कोंडून राहते. पाण्यात बुडालेल्या फिल्टरच्या मोटारीची उष्णता तर थेट पाण्यातच उतरते.

पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना हे प्रमाण सुमारे 7.6 मिलिग्रॅमवर येते. त्याच वेळी माशांच्या शरीरातील चयापचय वेगाने होऊ लागतो आणि त्यांची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, असा दुहेरी ताण निर्माण होतो.

वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, परंतु दिवा मालवल्यावर त्याही तो वापरू लागतात. त्यामुळे दाट लागवडीच्या टाकीत प्राणवायूची पातळी पहाटे सर्वांत खालावलेली असते. दिवसा अधिक उजेड दिल्याने रात्रीची ही तूट भरून निघत नाही.

उजेड किती आणि केव्हा?

सामान्य लागवडीला दिवसाकाठी सहा ते आठ तासांचा प्रकाश पुरेसा होतो. कडक उन्हाळ्यात तो सहा तासांवर आणणे हिताचे. प्रकाश वाढला की वनस्पतींची कार्बन डायऑक्साइडची आणि खतांची गरजही वाढते. ती भागली नाही, तर शिल्लक प्रकाशाचा लाभ शेवाळ उचलते.

प्रकाशाची वेळही बदलता येते. दुपारी खोली आधीच तापलेली असते, म्हणून सकाळी तीन तास आणि सायंकाळी सातनंतर तीन तास अशी विभागणी टायमर लावून करावी. सकाळच्या उजेडामुळे रात्रभर घटलेला प्राणवायूही लवकर भरून येऊ लागतो. दिवा पाण्यापासून 10 ते 15 सेंटिमीटर वर उचलावा आणि टाकी खिडकीतील थेट उन्हात ठेवू नये. टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यवस्था असल्यास दिवा बंद होताच ती बंद झालीच पाहिजे.

वनस्पतींची निवड योग्य असेल, तर कमी प्रकाश ही अडचण ठरत नाही. अनुबियास आणि जावा फर्न मंद उजेडातही तग धरतात. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि आपल्याकडे पाणथळ जागी उगवणारी ब्राह्मी यांना उबदार पाणी मानवते.

माठाचे तत्त्व

पाणी गार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय माठातून आपल्या परिचयाचा आहे. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. 20 लिटरमधून केवळ 100 मिलिलिटर पाणी उडून गेले, तरी उरलेले पाणी जवळपास तीन अंशांनी थंड होईल एवढी उष्णता बाहेर पडते. भोवतालची गरम हवा त्यातील काही भाग परत करते, म्हणून प्रत्यक्ष घट त्याहून कमी दिसते. संगणकात वापरतात तसा छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका वारा सोडेल असा बसवला आणि झाकण काढून बारीक जाळी लावली, की हे काम सुरू होते. पंखा पाण्यात पडणार नाही आणि त्याची वायर ओली होणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

नागपूर, इंदूर किंवा दिल्लीच्या कोरड्या मे महिन्यात हा उपाय उत्तम चालतो. मुंबई, पणजी, चेन्नई येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि परिणाम कमी होतो. अशा ठिकाणी दिव्याचे तास घटवणे आणि पाणी खेळते ठेवणे यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते.

उडालेल्या पाण्यातील क्षार मात्र टाकीतच राहतात. रोजची तूट बोअरवेलच्या जड पाण्याने भरल्यास क्षार साठत जातात. ही भर आरओच्या पाण्याने घालावी आणि आठवड्याचा पाणीबदल नेहमीप्रमाणे चालू ठेवावा.

बर्फाचा मोह

टाकीत बर्फाचे खडे टाकणे धोक्याचे आहे. अर्धा लिटर पाणी गोठवलेली बाटली पूर्ण वितळेपर्यंत 20 लिटर पाणी दोन ते अडीच अंशांनी उतरवू शकते. तापमानाची अशी एकदम घसरण माशांवर ताण आणते आणि बर्फ संपताच पाणी पुन्हा तापते. अगदीच निरुपाय झाल्यास लहान बंद बाटली थोड्या थोड्या वेळाने ठेवावी; तासाभरात एका अंशापेक्षा अधिक उतार होऊ देऊ नये.

त्यापेक्षा रात्रभर हवेचा पंप चालू ठेवणे अधिक उपयोगी. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा, कारण फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. खाद्य कमी द्यावे. उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो आणि तापलेल्या पाण्यात त्याचा विषारी अंश वाढतो.

मासे निवडतानाही आपल्या गावच्या उन्हाळ्याचा विचार हवा. निऑन टेट्राला 26 अंशांपर्यंतचे पाणी मानवते. बेटा उबदार पाणी सहन करतो आणि पृष्ठभागावरून थेट हवाही घेऊ शकतो. उत्तर भारतात थंडीत प्रश्न उलटतो. तेथे प्रतिलिटर सुमारे एक वॅट या प्रमाणात, तापमान-नियंत्रक असलेला हीटर लागतो.

या साऱ्याची सुरुवात एका साध्या थर्मामीटरने होते. पहाटे आणि दुपारी चार वाजता अशी दोनदा नोंद ठेवल्यास आठवड्याभरात टाकीचा कल कळतो. दुपारचा आकडा 30 अंशांकडे सरकू लागला, की आधी दिव्याचे तास कमी करावेत, मग पंखा लावावा आणि रात्री हवेचा पंप बंद ठेवू नये.