सेंद्रिय शेतीची पुस्तके : वाचावी कशी, वापरावी कशी

पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची यात्रा आणि तेथील गुरांचा बाजार मुरबाड-शहापूरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दावणीला गुरे असली की उकिरडा भरतो आणि उकिरडा भरला की शेताला खत मिळते, हे आपल्या आजा-पणजांचे साधे गणित होते. आज अनेक घरांच्या दावणी रिकाम्या झाल्या आहेत आणि शेणखताची जागा युरियाच्या गोणीने घेतली आहे. पीक कर्जाचे पैसे बँकेच्या खिडकीवरून हाती पडतात आणि त्यातले बरेचसे खत-औषधांच्या दुकानात जातात, हे आम्ही नोकरीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

सेंद्रिय शेती आणि परसबाग यांवरील पुस्तके मात्र शहरातील हौशी लोकांसाठीच असतात, असा समज आपल्या समाजबांधवांत आढळतो. तो दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयाचे पहिले पुस्तक आपल्या घरातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मातीचा फार बारकाईने विचार केलेला आहे. डोंगरावरील पालापाचोळा आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून वाया जाते. म्हणून सरकारने लष्कर व पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत आणि ते पाणी शेतात मुरवावे, अशी त्यांची सूचना होती. जंगल खात्याने शेतकऱ्याला डोंगर बंद केले, याचाही त्यांनी समाचार घेतला आहे. हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचाच होता. राबासाठी झाडांचे टहाळ तोडण्यावरून ठाणे जिल्ह्यात इतका असंतोष झाला की, 1885 साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

दुसरे पुस्तक इंदूरचे. तेथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती व राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि 1931 साली ती पुस्तकरूपाने मांडली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. राब भाजताना राख उरते व तणाचे बी मरते हे खरे. पण पाल्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. कुजवलेल्या पाल्यातील बरेचसे नत्र मातीला मिळते.

येथे आमचीच एक फजिती सांगतो. अर्धेच पुस्तक वाचून आम्ही ऐन ज्येष्ठात परसात खड्डा खणला. आषाढात त्यात पाणी तुंबले आणि खताऐवजी दुर्गंधी तेवढी मिळाली. शेजाऱ्यांचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळेच. पुढे उरलेले पुस्तक वाचले, तेव्हा कळले की पावसाळ्यात खड्डा न करता जमिनीवर ढीग रचावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

जपानचे मासानोबू फुकुओका यांचे 'वन स्ट्रॉ रिव्होल्यूशन' हे 1975 सालचे पुस्तक मराठीतही आले आहे. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, भाताचा पेंढा पुन्हा शेतातच पसरायचा, ही त्यांची शिकवण. परंतु वडिलांच्या संत्र्यांच्या बागेची छाटणी एकदम बंद केल्यामुळे आरंभी त्यांची कितीतरी झाडे गेली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. आपण घाई करू नये, हा त्याचा बोध.

हिशेबच मांडायचा तर असा. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात 5 किलो. एका गोणीची बरोबरी करण्यास चार टन शेणखत लागते. तेव्हा पुस्तक वाचून त्याच वर्षी युरिया बंद करणे हा अविचार ठरेल. मात्र युरियाने मातीत ओल धरणारा कुजका अंश वाढत नाही. तो शेणखताने आणि पाल्याने वाढतो. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीत गाडावा आणि आधी एका खाचरात अनुभव घ्यावा.

पण ज्यांना बांधच नाही त्यांनी काय करावे? आपल्यातील अनेक कुटुंबे भूमिहीन आहेत. त्यांच्यासाठी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर महत्त्वाचे. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना बरोबर घेऊन त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत सुखाने जगू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पानांनी पकडलेले ऊन हेच खरे उत्पन्न, असे ते मानत. उन्हाचा सातबारा कोणाच्याही नावावर नसतो. घरामागच्या चार हात जागेत, फुटक्या बादलीत वा जुन्या गोणीत मेथी, अळू, मिरची होते. छपरावर दुधी-घोसाळ्याचा वेल चढवता येतो. घरातल्या लेकराला ताजी भाजी मिळाली तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

विद्यार्थी मित्रांनी यातले एक तरी पुस्तक मिळवून घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना त्यांना मध्येच थांबवू द्यावे. कारण आपल्या मातीची आणि आपल्या पावसाची माहिती पुस्तकापेक्षा त्यांना अधिक आहे. आपल्या संस्थेनेही वाचनालयात या पुस्तकांसाठी एक कप्पा राखून ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.